मोठ्या मुलांना वर्गात भावना 'शिकवायच्या' कशा? माझा तास चुकला, मदत हवी आहे

खडूची_धूळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते, लिहायला मात्र पहिल्यांदाच बसले आहे.

मी नववीची वर्गशिक्षिका. यंदा वेळापत्रकात आठवड्यातून एकदा ४० मिनिटांचा नवा तास आला, 'सामाजिक आणि भावनिक कौशल्यं'. पुस्तक नाही, परीक्षा नाही. एक दिवसाचं प्रशिक्षण झालं आणि कृतींची एक यादी हातात मिळाली. मला खरंच आनंद झाला होता. चौदा-पंधराच्या मुलांना समीकरणं सोडवता येतात, पण मैत्रिणीने बोलणं टाकलं की तीन दिवस वही उघडवत नाही, हे मी रोज बघते.

तिसऱ्या तासाला यादीतली एक कृती घेतली. बाकं बाजूला सरकवली, सगळे गोलात बसलो. "गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं ते लिहा, आणि वाचावंसं वाटलं तर वाचा." एक मुलगी उठली आणि तिने घरातली एक गोष्ट वाचली. (ओळख पटू नये म्हणून तपशील देत नाही.) वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जमलं! मी तिचं कौतुकही केलं, किती धीर लागतो वगैरे.

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होती. कोणीतरी तिच्या वाक्याचा स्टिकर केला होता. मुलगी दोन दिवस आली नाही. आली ती मान खाली घालून बसली आणि माझा तास सुरू झाल्यावर पाणी प्यायला म्हणून उठून गेली.

दोन प्रश्न आहेत. ह्या वयाच्या मुलांबरोबर त्या ४० मिनिटांत नेमकं करायचं काय? आणि दुसरा, जास्त अवघड: आता त्या मुलीसमोर आणि त्या वर्गासमोर मी उभी कशी राहू?

मधली_सुट्टी

वाचून पोटात कालवलं. तुमच्या हेतूत खोट नव्हती ताई. जाणकार येतीलच, तोवर इथेच बसते.

सरळरेषा

मी गणित शिकवतो, २२ वर्षं झाली. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

हा तासच नको. मुलांच्या घरात काय चाललंय ते चारचौघांत उघडं करायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ते काम घराचं, नाहीतर शिकलेल्या समुपदेशकाचं. एक दिवसाच्या प्रशिक्षणावर कोणी आपल्या हातात इंजेक्शनची सुई तरी देईल का? मुलांना नीट शिकवा, न्यायाने वागवा, पेपर वेळेवर तपासून द्या. बाकीचं ती आपोआप शिकतात.

काठावरची

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. सरांच्या निम्म्या म्हणण्याशी सहमत आहे, निम्म्याशी नाही.

सहमत ह्यासाठी की वर्गात कोणालाही स्वतःची जखम उघडी करायला लावू नये. 'वाचावंसं वाटलं तर' ही मोकळीक आपल्याला खरी वाटते, गोलात बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला ती तशी वाटत नाही. बाई मान डोलावताहेत हे दिसलं की ती आणखी एक पाऊल पुढे जाते. आणि ऐकणाऱ्यांचाही विचार करा. तीस-पस्तीस मुलं, त्यांना अवघड गोष्ट ऐकून घ्यायची सवय नाही. संकोच वाटला की ती हसण्यावर नेतात. स्टिकर करणारा मुलगा दुष्टच असेल असं नाही, त्याला ते ऐकणं झेपलं नसेल. त्याने केलं ते चूकच, पण उपाय शोधताना हे लक्षात ठेवावं लागतं.

असहमत ह्यासाठी की कौशल्य शिकवणं वेगळं आणि समुपदेशन वेगळं. राग चढतोय हे वेळेत कळणं, 'नाही' म्हणता येणं, भांडणानंतर पहिलं वाक्य बोलता येणं, मदत मागणं, ह्या सरावाच्या गोष्टी आहेत. आणि सरावाला दुसरी माणसं लागतात, ती वर्गातच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्यं मांडली. त्यांत स्वतःची जाणीव, समानुभूती, भावना हाताळणं, ताण हाताळणं ही कौशल्यं निर्णय घेण्याच्या आणि समस्या सोडवण्याच्या पंगतीतच बसवली आहेत. चारचौघांत मन मोकळं करणं हे त्या दहांत कुठेही नाही.

मी करते ते सांगते. तिसऱ्याची गोष्ट घ्यायची. "एका मुलाला प्रकल्पाच्या गटात कोणीच घेतलं नाही. रात्री तो ग्रुपवर काय लिहील? लिहिल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय होईल? न लिहिता दुसरं काय करता येईल?" मुलं बोलतात स्वतःचंच, पण त्या मुलाच्या नावावर. अंगावरचं पांघरूण तसंच राहतं.

आणि पहिल्याच तासाला तीन गोष्टी सांगून टाकायच्या. इथे घरातलं, स्वतःचं खासगी सांगायचं नाही. सांगावंसं वाटलं तर तासानंतर मला एकटीला सांगा. आणि कोणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर मी ते माझ्यापुरतं ठेवणार नाही. हे तिसरं आधी सांगणं फार गरजेचं. नंतर सांगितलं की मुलांना तो विश्वासघात वाटतो.

त्या मुलीबद्दल वेगळा प्रतिसाद लिहिते.

शेवटचा_बाक

मी १९ वर्षांचा आहे, म्हणजे 'तो तास' नुकताच भोगून आलोय :)

आम्हाला भिंतीवर पिवळ्या गोल चेहऱ्यांचा तक्ता होता. हसरा, रडका, रागीट. "आज तुमचा चेहरा कोणता?" पंधराव्या वर्षी असं विचारलं की माणूस तिथेच मनाने उठून जातो. सगळे हसऱ्यावर बोट ठेवायचे आणि तास संपायचा. आम्ही लहान नव्हतो हो!

मला ज्याचा खरंच उपयोग झाला ते त्या तासात घडलंच नाही. प्रयोगशाळेत माझ्या हातून काचेचं भांडं फुटलं. वर्ग खो खो हसला. सर हसलेही नाहीत आणि ओरडलेही नाहीत. "काच कशी उचलायची ते आधी बघू" म्हणाले. झाडू माझ्या हातात दिला आणि सुपली स्वतः धरली. मग दुसरं भांडं आणलं आणि प्रयोग तिथून पुढे सुरू. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एकाचं भांडं फुटलं तेव्हा आमच्यातलाच एक जण सुपली घेऊन गेला. कोणी सांगितलं नव्हतं.

मधली_सुट्टी

पिवळ्या चेहऱ्यांबद्दल +१००. माझी भाची त्याला बालवाडीचा तास म्हणते.

आकडेमोड

शेवटचा_बाक म्हणतो त्याला संशोधनाचा आधार आहे. माझं कामच विदा (आकडेवारी) चाळायचं, म्हणून लिहितो.

ह्या विषयावरचा जो अभ्यास सगळे पुढे करतात तो २०११ चा. जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी शाळांमधले २१३ कार्यक्रम एकत्र तपासले, मिळून २ लाख ७० हजारांवर मुलं. वागणूक सुधारली, ताण कमी झाला, आणि अभ्यासातलं यश सरासरी ११ पर्सेंटाइलने वर गेलं. बाहेरून माणसं आणावी लागली नाहीत, वर्गातल्या शिक्षकांनी घेतलेले कार्यक्रमही परिणामकारक ठरले. म्हणजे सरळरेषा सर, 'हे आपलं कामच नाही' हे काही टिकत नाही.

पण त्यातले निम्म्याहून जास्त कार्यक्रम प्राथमिक वयाच्या मुलांसाठी होते. किशोरवयात तेच जसंच्या तसं चालत नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ११ ते १४ वयाच्या आठ हजारांवर मुलांवर सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, मोठा प्रयोग झाला. निष्कर्ष २०२२ मध्ये आले: शाळेत नेहमी जे चालतं त्यापेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सरावच केला नव्हता.

असं का होतं ह्याचं मला पटलेलं उत्तर डेव्हिड यीगर, रोनाल्ड डाल आणि कॅरल ड्वेक ह्यांच्या २०१८ च्या लेखात आहे. ह्या वयात 'मला मान मिळतोय की नाही' ह्याकडे मुलांचं लक्ष फार तीव्रतेने असतं. 'तुला हे येत नाही, ये मी शिकवतो' असा नुसता सूर जरी लागला तरी त्यांना तो अपमान वाटतो. मग आतला मजकूर कितीही चांगला असो. पिवळे चेहरे तिथेच पडले.

सरळरेषा

आकडेमोड, आकडे मान्य. मुलांना मान हवा असतो हे मला अभ्यास न वाचताही ठाऊक आहे.

माझ्या वर्गात चार-चारचे गट असतात. गट मी पाडतो, मुलांना पाडू देत नाही, कारण मुलांनी पाडले की तीन-चार जण उरतात. एकदा एक मुलगा मला म्हणाला, "सर, भागाकारात उरते ना, ती बाकी म्हणजे आम्ही." तेव्हापासून बंद केलं. प्रत्येक गटाला एक उदाहरण आणि नियम एकच: मी गटातल्या कोणालाही फळ्यावर बोलावीन, ज्याला बोलावीन त्याला सगळ्या पायऱ्या समजावता आल्या पाहिजेत. मग हुशार मुलाला थांबून शिकवावंच लागतं, आणि न येणाऱ्याला 'मला नाही कळलं, परत सांग' म्हणावंच लागतं. सुरुवातीला भांडणं होतात. मी लगेच मधे पडत नाही. "दोघांनी एकमेकांची रीत आधी सांगा, आपली नंतर" एवढंच म्हणतो.

ह्यासाठी वेगळा तास लागत नाही.

काठावरची

सर, तुम्ही नकार देता देता तो अख्खा तास इथे लिहून दाखवलात! मदत मागणं, दुसऱ्याचं म्हणणं आधी मांडणं, कोणालाही उरू न देणं. मनापासून लिहितेय, हे बऱ्याच तयार पुस्तिकांपेक्षा चांगलं आहे.

तुमच्या रीतीचं एक जुनं भावंडही आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत गोरी आणि काळी मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली आणि रोज मारामाऱ्या होऊ लागल्या. इलियट अ‍ॅरनसन ह्या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. दुसऱ्याने त्याचा भाग नीट सांगितल्याशिवाय तुमचा धडा पुराच होत नाही. चिडवून उपयोग नाही, ऐकावंच लागतं. जिगसॉ वर्ग म्हणतात त्याला. 'सगळ्यांशी प्रेमाने वागा' असं त्यात कोणी शिकवलं नव्हतं.

सरळरेषा

मग माझं म्हणणं सिद्धच झालं. तास बंद करा.

आकडेमोड

नाही सर. तुमच्या वर्गात ते होतं कारण तुम्ही तसे आहात. शेजारच्या वर्गात होत असेल का? तास असला की निदान सगळ्यांच्या वाट्याला थोडंतरी येतं.

शब्दवेल्हाळ

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. मी भाषा शिकवते. मुलांना "कसं वाटतंय?" विचारलं की उत्तरं तीनच: बोअर, टेन्शन, ठीक. मला वाटायचं त्यांना सांगायचं नाही. हळूहळू लक्षात आलं की त्यांच्याकडे शब्दच नाहीत.

मग मी शब्दांचाच तास घेतला. फळ्यावर 'वाईट वाटलं' लिहिलं आणि म्हटलं, ह्याच्या पोटात किती शब्द आहेत ते काढूया. हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, खजील होणं, वरमणं, कानकोंडं होणं, चरफडणं, घुसमट, हुरहूर, धाकधूक, धास्ती, हेवा, असूया, रुसवा. मग फरक काढायचा. ओशाळणं आणि वरमणं ह्यात काय वेगळं? एका मुलाने सांगितलं, "आपल्यालाच आपली चूक दिसली की ओशाळतो, कोणी दाखवून दिली की वरमतो." मी हे शब्दकोशाशी ताडून पाहिलं नाही, पण त्याने केलेला भेद मला फार आवडला. दुसरा म्हणाला, "रुसवा काढायला कोणीतरी येईल अशी आशा असते. रागात तसं नसतं." चौदा वर्षांचा मुलगा!

त्यानंतर 'टेन्शन आलंय' म्हणणाऱ्याला मी विचारते, "धाकधूक की धास्ती?" तो खरंच थांबून विचार करतो. त्या थांबण्यातच पाणी थोडं निवतं.

आकडेमोड

हे तर प्रयोगशाळेतही दिसलं आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला नुसतं शब्दाने नाव दिलं तरी मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे धोका टिपणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया मंदावत होती. मुलं शब्द शोधताना थांबतात त्याचा ह्याच्याशी संबंध असावा.

मधली_सुट्टी

'काहूर' राहिला.

शेवटचा_बाक

'चुटपुट' पण. पेपरात येत असलेलं उत्तर खोडून आलो की लागते ती.

दोन_मुलांची_आई

शिक्षिका नाही, पालक म्हणून लिहितेय. माझा मुलगा पंधराचा. घरी एकटा असताना इतका समजूतदार! दोन मित्र आले की दुसराच माणूस. मागे एका मुलाची टिंगल करणाऱ्या मेसेजवर ह्याचं हसणं दिसलं. विचारलं तर म्हणतो, "मला हसू नव्हतं आलं, पण सगळे हसले." मी खूप बोलले. तो ऐकून घेऊन खोलीत गेला, बदललं काहीच नाही. त्याला चूक कळते, हे मला माहीत आहे. मग वेळेवर का नाही कळत?

काठावरची

ताई, कळत असतं, पण मित्र शेजारी असले की वजनकाटाच बदलतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर ह्यांनी २००५ मध्ये ह्यावर एक प्रयोग केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की रेटायचं. समवयस्क बघत असले की १३ ते १६ ची मुलं एकटी असतानाच्या मानाने कितीतरी जास्त धोका घेत होती. २४ च्या पुढच्या माणसांना बघणाऱ्यांनी जवळजवळ फरक पडत नव्हता.

म्हणून 'काय चूक, काय बरोबर' हे त्याला परत सांगू नका, ते त्याला येतं. लागतं ते एक तयार वाक्य, सगळ्यांसमोर उच्चारता येईल असं, स्वतःचा मान न घालवता. मी मुलांनाच ती वाक्यं बनवायला देते, कारण आपण बनवलेली वाक्यं त्यांच्या तोंडी बसत नाहीत. मुलांनी काढलेली काही: "सोड ना, जुना झाला हा विषय." "मी हा पुढे पाठवत नाही." एका गटाचं तर नुसतं विषय बदलायचं ठरलं, टिंगल सुरू झाली की कोणीतरी लगेच अभ्यासाची शंका टाकायची. ग्रुपवर एकाने न हसणं सोपं नसतं, पण दोघांनी आधी ठरवून न हसणं जमतं. त्याला एक जोडीदार शोधू दे.

दोन_मुलांची_आई

जोडीदाराचं डोक्यातच आलं नव्हतं. आज बोलते. म्हणजे, बोलत नाही, गाडीत शेजारी असताना सहज विचारते. समोरासमोर बसलं की तो मिटतो.

शांत_पाणी

सगळं वाचलं. एक बाजू राहिली आहे, ती शिक्षकाच्या स्वतःच्या रागाची.

मी अनेक वर्षं 'राग आला की दहा अंक मोजा' असं मुलांना शिकवत होतो आणि पाचव्या तासाला त्यांच्यावर डाफरत होतो. एकदा एका मुलावर गृहपाठावरून फार लागेल असं बोललो. नंतर कळलं, त्याने वही आणली होती, मीच न बघता बोललो होतो. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात उभं राहून सांगितलं, "काल मी तपासून न बघता बोललो. ते चुकलं. तुझी वही मी नंतर पाहिली, पूर्ण आहे." बास. कारणं दिली नाहीत, त्याच्याकडून 'असू दे सर' वदवून घेतलं नाही.

माफी कशी मागतात हे त्या वर्गाने त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. महिन्याभरात दोन मुलांनी एकमेकांना साधारण त्याच शब्दांत सांगितलेलं मी कानाने ऐकलं. धागाकर्तींच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडे हे एवढंच उत्तर आहे.

काठावरची

शांत_पाणी, मी लिहिणार होते त्यातलं अर्धं तुम्ही लिहिलंत. फक्त एक फरक: तुम्ही चारचौघांत बोलला होतात म्हणून माफी चारचौघांत शोभली. इथे मुलीचा विषय पुन्हा चारचौघांत आला तर तिचं दुखणं दुसऱ्यांदा उघडं पडेल.

खडूची_धूळ, मी असं करेन. आधी ती एकटी असताना, उभ्याउभ्याच, दोन मिनिटं. "मी तुला अशा जागी उभं केलं जिथे तुझी काळजी घेणं माझ्या हातात नव्हतं. चूक माझी. तुला ह्यावर काही बोलायची गरज नाही." रडू आलं तर येऊ दे, नाही आलं तरी हरकत नाही. घरातली गोष्ट सुरक्षिततेची असेल तर समुपदेशकांपर्यंत आणि मुख्याध्यापकांपर्यंत ती जायलाच हवी, आणि ती नेणार आहात हे तिला आधी सांगा. मग वर्गाला, तिचा उल्लेख न करता: "मी घेतलेली कृती चुकीची होती, आता ह्या तासाचे नियम बदलतेय."

स्टिकरवाल्यांशी वेगळं. "का केलंस?" असं विचारलं की मुलं वकील होतात. काय झालं, कोणाला काय सोसावं लागलं, आता तू काय करू शकतोस, एवढे तीनच प्रश्न. तिच्यासमोर आणून माफी मागायला लावू नका. तिला हवं असेल तरच.

शब्दवेल्हाळ

एक शंका. मुलींच्या गटांत मी उलटंच बघते, त्या भावनांबद्दल बोलतात आणि बोलतच राहतात. तेच तेच दुखणं रोज मधल्या सुट्टीत. मैत्री घट्ट होते, पण चेहरे जास्तच उतरलेले.

काठावरची

अगदी योग्य निरीक्षण. अमांडा रोझ ह्यांनी २००२ मध्ये ह्याला को-रुमिनेशन असं नाव दिलं. दोघींनी मिळून एकच विचार चघळत राहणं. जवळीक वाढते आणि त्याबरोबर उदासी, चिंताही वाढलेली दिसते. म्हणून ऐकून घेतल्यावर विचारायचा एक प्रश्न मुलींना शिकवते: "तुला आत्ता मी नुसतं ऐकायला हवंय, की काहीतरी शोधायला हवंय?" हा प्रश्न मुलगेही पटकन उचलतात.

शेवटचा_बाक

हा प्रश्न मला आत्ता, आजच लागणार होता. आभार.

खडूची_धूळ

सात आठवड्यांनी परत आले आहे. सगळ्यांचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले होते.

मुलीशी बोलले, काठावरचीताईंनी सांगितलं तसंच. ती फक्त "ठीक आहे मॅडम" म्हणाली. पुढे दोन आठवडे ती माझ्या तासाला गप्पच होती. घरच्या गोष्टीत आता समुपदेशक लक्ष घालताहेत, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

स्टिकर करणाऱ्या मुलाला तीन प्रश्न विचारले. पहिल्याला उत्तर "मस्करी". दुसऱ्याला बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "तिला वाटलं असेल की कोणाला काही सांगूच नये." मी गप्प राहिले, फार कठीण होतं ते. त्याने स्टिकर काढला, ग्रुपवरच्या बाकीच्यांनाही काढायला सांगितलं. सगळ्यांनी काढला का, मला ठाऊक नाही.

वर्गाला सांगितलं की नियम बदललेत. शेवटून दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आता गोलात नाही ना बसायचं?" नाही म्हटल्यावर सगळ्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मलाही हसू आलं. आता कल्पित मुलांच्या गोष्टी घेते, त्या गोष्टी हल्ली मुलंच लिहून आणतात. शब्दांचा तास दोनदा झाला. फळ्याच्या कोपऱ्यात यादी वाढतेय, कालचा शब्द 'ताटकळणं'. तो भावना आहे की नाही ह्यावर दहा मिनिटं वाद झाला. सरळरेषा सरांचे गट मी इतिहासाच्या तासाला लावले. तिथे मात्र दोन गट अजूनही कुरकुरताहेत आणि एका मुलाला कोणाबरोबरच जमत नाही. त्याचं काय करायचं मला अजून सुचलेलं नाही.

परवाच्या गोष्टीत एक मैत्रीण दुसरीचं गुपित सांगून टाकते आणि मग माफी मागते. मी म्हटलं, "मग तिने माफ करायला हवं, नाही का?" आणि ती मुलगी, हात वर न करता, म्हणाली, "नाही मॅडम. लगेच नाही." वर्ग तिच्याकडे वळला. ती पुढे म्हणाली, "माफी मागितली म्हणून लगेच माफ करायला लागलं, तर ती परत सांगेल." मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, माझंच चुकलं. ती बसली. तासाला पाणी प्यायला गेली नाही.

आता नवा प्रश्न. पुढच्या आठवड्यात चाचणीचे पेपर वाटायचेत. गेल्या वेळी नावं आणि गुण मोठ्याने वाचून दिले होते आणि तीन मुलं तास संपेपर्यंत डोकं वर काढत नव्हती. हे कसं करता तुम्ही?

आकडेमोड

पेपरवर गुणांबरोबर एक ओळ लिहा. यीगर आणि जेफ्री कोहेन ह्यांच्या २०१४ च्या अभ्यासात शेऱ्यांबरोबर एवढंच लिहिलं होतं की माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या गाठशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे देतोय. शाळेवर ज्यांचा विश्वास कमी होता त्या मुलांनीच निबंध सुधारून परत देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त वाढलं. पण खरं असेल तरच लिहा, मुलांना खोटं लगेच कळतं.

सरळरेषा

तास बंद करावा हे माझं मत कायम आहे. पण पेपराचं सांगतो.

नावं वाचू नका. पेपर घडी घालून, गुण आतल्या बाजूला, स्वतः बाकाबाकाशी जाऊन द्या. तासाच्या शेवटी देऊ नका, नाहीतर मुलं ते घेऊन थेट बाहेर गर्दीत जातात. सुरुवातीला द्या, पाच मिनिटं कोणी काही बोलायचं नाही, आपणही नाही. मग प्रत्येकाने आपली एक चूक निवडून ती सोडवायची, वाटलं तर शेजाऱ्याला विचारून. मी त्या वेळात ज्यांचे गुण पडलेत त्यांच्या बाकाशी एकदा थांबतो आणि पेपरातलं एखादं बरोबर उत्तर दाखवतो. बरोबर आलेलं निदान एक तरी असतंच, मी ते आदल्या रात्री शोधून ठेवतो.

आणि ज्या मुलाला कोणाबरोबर जमत नाही, त्याला आधी चौघांत टाकू नका. दोघांत टाका.